झेलकरच्या मागे कोण?

चर्चच्या मंडळीत त्याला सगळे झेलकर म्हणत. खरं आडनाव आता फक्त दारावरच्या पाटीपुरतं उरलं होतं. आठवडाभर तो लोकांची कपाटं, फ्रिज, पलंग एका घरातून दुसऱ्या घरात हलवायचा आणि रविवारी माणसं झेलायचा. पास्टरनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, पवित्र आत्मा उतरला, की माणूस ताठच्या ताठ मागे कोसळतो. त्याला अलगद जमिनीवर निजवणं, हे झेलकरचं काम.

"कपाट असो की विश्वासी, गुडघ्यांत वाकूनच धरायचं," असं तो सांगे.

सुरुवातीला प्रार्थना पास्टरांच्या बैठकीच्या खोलीत, अकरा खुर्च्यांवर चाले. महिन्याकाठी एखादं माणूस पडे, तेही बेतानं, सोफ्याच्या बाजूला. आता टायरच्या जुन्या गोदामात तीनशे माणसं, ड्रम, चार भोंगे, आणि रांगाच्या रांगा आडव्या. पण अकरा वर्षांत झेलकरच्या हातून एक डोकं आपटलं नव्हतं.

आणि शुक्रवारी, तिसऱ्या मजल्यावर फ्रिज चढवताना, त्याची कंबर धरली.

रविवारी तो शर्टाच्या आत पट्टा आवळू लागला तशी बायको म्हणाली, "अहो, लोक जिथे बरे व्हायला जातात, तिथे तुम्ही दुखणं लपवून चाललात?"

"पास्टरना कळलं तर मला बसवतील. तो बँकेचा गार्ड टपलेलाच आहे माझ्या जागेवर."

"मग प्रार्थना करून घ्या की!"

"आणि पडलो तर? मला कोण झेलणार? गार्ड? गेल्या खेपेला त्यानं माणूस सोडून चष्मा झेलला!"

त्या दिवशी पहिले सहा जण किरकोळ निघाले. सातव्या आल्या पास्टरांच्या सासूबाई. देह तीनदारी कपाटासारखा, आणि श्रद्धाही तेवढीच ऐसपैस. जावयाचा हात कपाळाला लागतो न लागतो तोच "हालेलुया!" म्हणून त्यांनी स्वतःला झोकून दिलं. झेलकर गुडघ्यांत वाकला. कंबरेत कट्‌कन वाजलं. तो खाली, आणि सासूबाई सुखरूप त्याच्यावर.

गोदाम दणाणलं. झेलकर पडला! अकरा वर्षांत पहिल्यांदा! पास्टरनी डोळे पुसत माईक त्याच्या तोंडाशी धरला. "भाऊ, साक्ष द्या! काय जाणवलं?"

नुसतं 'हालेलुया' म्हटलं असतं, तर जागा जन्मभर पक्की होती.

"पास्टर, आत्म्याचं माहीत नाही," झेलकर कण्हला. "मला तुमच्या सासूबाईंनी पाडलं. कंबर शुक्रवारपासूनच गेलीय."

सगळ्यांत आधी हसल्या सासूबाई, त्याच्या पोटावर बसूनच. त्या हादऱ्यांत झेलकरच्या ध्यानात आलं, की आपलं डोकं कुठे आपटलंच नाही. डोक्याखाली दोन तळवे होते.

"हलू नका," मागून बायको म्हणाली. "अकरा वर्षं बघतेय. गुडघ्यांत वाकूनच धरलंय."

पास्टरनी प्रार्थना केली, डॉक्टरनी गोळ्या दिल्या, तीन आठवड्यांत कंबर मोकळी झाली. श्रेय कुणाचं, यावर दोन्हीकडे अजून ठाम मतं आहेत. आता माणसांच्या मागे झेलकर उभा राहतो आणि झेलकरच्या मागे त्याची बायको. चष्म्यांचं खातं तेवढं गार्डकडे दिलं आहे.