एक नेफा, दोन नाड्या

काकूंचं कागदावरचं नाव मी नऊ वर्षांत कधी विचारलं नाही, ही माझी पहिली चूक. लंडनच्या पिनर या उपनगरातली आमच्या ओळखीची सगळी मराठी घरं त्यांना काकूच म्हणतात. ब्लाउज शिवायचा, फॉल लावायचा, ड्रेस सैल करून घ्यायचा, की काकू. माझ्या फोनमध्येही त्या ‘काकू ब्लाउज’ अशाच आहेत.

मी एका खाजगी क्लिनिकमध्ये कोडिंग करतो. सॉफ्टवेअरचं नाही, हे इथल्या प्रत्येक मराठी माणसाला निराळं सांगावं लागतं. डॉक्टरांनी पेशंटवर काय उपचार केले याची नोंद मी वाचतो, त्या उपचाराचा ठरलेला कोड लावतो, आणि त्यावरून विमा कंपनीकडे बिल जातं. पुण्यात मी बँकेत होतो. बायकोला इथे नोकरी लागली, मी मागोमाग आलो आणि चाळिशी उलटल्यावर हे काम शिकलो. शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, जे लिहिलंय तेवढंच लावायचं. झालं असेल असं वाटतं, ते लावायचं नाही. शंका आली तर डॉक्टरांना लेखी विचारायचं.

मार्चमधल्या एका शनिवारी मी बायकोचा ब्लाउज आणायला काकूंकडे गेलो. त्यांच्या उजव्या मनगटाला काळा पट्टा होता.

“झाला नाही रे अजून. कात्री धरवत नाही. बायकोला सांग, लग्नाला जुनाच घाल. बसतो का बघ आधी.”

“हे तुम्हीच सांगा तिला, काकू.”

“मी कशाला सांगू? माझं गिऱ्हाईक आहे ती.”

चहा ठेवता ठेवता त्यांनी सांगितलं की अंगठ्याच्या मुळाशी टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, सुजला होता, ऑक्टोबरात इंजेक्शन घेतलं, चार महिने छान गेले. आता पुन्हा ठणका सुरू झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी एक देऊ. पण विमा कंपनीचं पत्र आलं. त्यांनी ते माझ्यासमोर ठेवलं. तुझ्याच लाइनीतलं आहे ना, बघ जरा, म्हणाल्या.

पत्रात लिहिलं होतं, एकाच जागी वर्षात दोन इंजेक्शनं झालेली असल्याने तिसरं मंजूर करता येत नाही. खाली आमच्या क्लिनिकचं नाव होतं. वर काकूंचं पूर्ण नाव होतं. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं.

“मला तर एकच आठवतंय,” काकू म्हणाल्या. “पण सुई दिसली की मी डोळे मिटते. दिली असतील दोन.”

“फोन करून विचारा ना त्यांना.”

“काय सांगू? मला आठवत नाही, असं सांगू?” त्या हसल्या, पण चहा गाळता गाळता थांबल्या. “आमच्या आईचं असंच सुरू झालं होतं रे. आधी बारीकसारीक. मग एक दिवस मलाच विचारलं, तू कोण म्हणून.”

ओळखीच्या माणसाची नोंद कामाशिवाय उघडायची नाही, हा आमच्याकडचा सक्त नियम. सोमवारी मी ती उघडली. कोड मीच लावलेला होता. डॉक्टरांनी अंगठ्याकडे जाणाऱ्या दोन टेंडनची नावं लिहिली होती आणि पुढे इंजेक्शन, सोनोग्राफीच्या मदतीने. दोन नावं वाचून मी दोन इंजेक्शनं लावली होती.

आता हे चूक होतं की बरोबर, तेच मला कळेना. हे दोन्ही टेंडन बहुतेकांच्या मनगटात एकाच आवरणातून जातात. मग सुई एक आणि इंजेक्शनही एकच. पण काहींच्या आवरणात मधे पडदा असतो, तेव्हा दोनदा टोचावं लागतं. नोंदीत पडद्याचा उल्लेख नव्हता. नव्हता म्हणजे पडदा नव्हता, की लिहायचं राहिलं? तेव्हाच विचारायला हवं होतं. पण प्रश्न पाठवला की उत्तराला चार दिवस लागतात, आणि माझी यादी तुंबलेली होती. की दोन लावले तर क्लिनिक खूश, असं कुठेतरी मनात होतं? खूप आठवून पाहिलं. त्या दिवसाचं मला काहीच आठवत नाही. काकूंना निदान डोळे मिटल्याचं तरी आठवत होतं.

आता विचारायचं, तर नोंद का उघडली हे सांगावं लागणार. दोन आठवडे मी गप्प बसलो. दोन असतीलही, असं रोज स्वतःला सांगत होतो. ते खरं असेल तर काकूंची आठवण खोटी ठरते, हे मला कळत होतं. तरीही मला तेच खरं असायला हवं होतं. हे लिहितानाही लाज वाटते.

मग बायको म्हणाली, “अरे, काकूंना काय झालंय? मला दोनदा फोन करून विचारलं, बाही किती इंच म्हणून. माझं माप त्यांना पाठ आहे.”

मी ब्लाउजचं निमित्त करून गेलो. काकू एका परकराला नाडी घालत होत्या, डाव्या हाताने, सेफ्टी पिन लावून.

“डॉक्टरांनी तेव्हा सोनोग्राफीच्या स्क्रीनवर काही दाखवलं होतं का?” मी विचारलं.

“दाखवलं की. नेफ्यासारखं आहे ते. एक नेफा आणि आत दोन नाड्या. कुणाकुणाच्या नेफ्याला मधून शिवण असते म्हणे, तेव्हा दोन बाजूंनी टोचतात. तुमच्यात शिवण नाही, एकात काम होईल, म्हणाले.” त्यांनी पिन पुढे सरकवली. “मग दोन कशी झाली, देव जाणे. तिथून पुढचंच माझं पुसलं गेलं असणार.”

काहीच पुसलं गेलेलं नव्हतं. माझ्या तोंडापर्यंत आलं, पण डॉक्टरांकडून लेखी आल्याशिवाय कसं बोलायचं, अशी आणखी एक सबब मला तिथे बसल्या बसल्या सापडली.

सोमवारी सुपरवायझरला सगळं सांगितलं. कोड, ओळख, उघडलेली नोंद. त्या रागावतील म्हणून मी तयारीत होतो. त्यांनी फक्त विचारलं, “पहिल्याच दिवशी का नाही आलात?” नोंद उघडल्याबद्दल माझ्या फाइलमध्ये लेखी ताकीद गेली. डॉक्टरांचं उत्तर गुरुवारी आलं. एक सुई, एक इंजेक्शन. बिल दुरुस्त झालं, कंपनीला कळवलं गेलं, आणि पुढच्या आठवड्यात काकूंचं इंजेक्शन मंजूर झालं. आमचं दिलगिरीचं पत्र त्यांना गेलं, त्यात माझं नाव नव्हतं. म्हणून मी गेलो.

“एकच दिलं होतं, काकू. दोन मी लिहिली.”

“तू?”

“मी. नाव ओळखलं नाही. आणि कळल्यावरही दोन आठवडे बोललो नाही.”

काकूंनी मशीनचा खण ओढला आणि एक वही काढली. रोज सकाळी त्या तीत आदल्या रात्रीचं जेवण लिहीत होत्या, आठवतंय का ते पाहायला.

“सोमवार, मुगाची आमटी,” त्यांनी वाचलं. “मंगळवार, आठवत नाही. बुधवार, भात-पिठलं.” मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “इंजेक्शनचं मिटलं रे. या मंगळवारचं काय करू?”

“मलाही नाही आठवत, मंगळवारी काय जेवलो ते,” मी म्हणालो. ते खरं होतं, पण ऐकायला खोटं वाटलं.

“तुझ्या आईला झालं होतं का?”

“नाही.”

“मग तुझं वेगळं.” त्यांनी वही पुन्हा खणात ठेवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, “इंजेक्शन मंगळवारी आहे. ब्लाउज त्यापुढच्या शनिवारी ने. आदल्या दिवशी फोन करून आठवण कर मला.”

नऊ वर्षांत काकूंनी कुणाला आठवण करायला सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. हो म्हणालो आणि बस स्टॉपपर्यंत चालत गेलो. गाडी मी त्यांच्या दारासमोरच लावली होती, हे तिथे पोचल्यावर लक्षात आलं.