उघाडीला घराचं दार

सव्वीस ऑगस्ट. भाताची बेणणी चालू होती. खालच्या खाचरात वाकून गवत उपटताना पाण्याचा शिंतोडा ओठावर आला, तो खारट लागला. ओंजळभर पाणी तोंडात घेऊन खात्री केली, थुंकलं आणि सरळ बांधाकडे चालू लागले.

आमचं गाव पेणच्या खारेपाटात. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भात, मधे मातीचा बांध. बांधात उघाडी असते, म्हणजे लाकडी झडप. ओहोटीला ती शेतातलं जादा पाणी बाहेर सोडते, भरतीला खाडीच्याच दाबाने मिटते. ती गेली तर खाडी शेतात. एकदा खारं पाणी बसलं की पुढची दोन-तीन वर्षं भाताचं नाव काढायचं नाही. आमचं वर्षाचं खाणं तिथेच उभं होतं, आणि अमावस्येचं उधाण परवावर आलं होतं.

उघाडीच्या फळीत विळ्याचं टोक खुपसलं. उकडलेल्या रताळ्यात जावं तसं आत गेलं. वरून डांबर चकचकीत, आत खाडीच्या किड्याने पोखरलेली भोकं.

हे आमच्याच लोकांचं काम. खारेपाटातला माणूस भरतीची वेळ घड्याळ न बघता सांगतो, पण लाकडातलं त्याला कळत नाही. खाजणात, खाडीकाठच्या खाऱ्या चिखलात, झाड कुठे आहे? आंब्याची फळी स्वस्तात मिळाली, डांबर फासलं, झालं. मी रोह्याच्या सुताराची मुलगी. पाट फणसाचा, मुसळ खैराचं, नांगर बाभळीचा, आणि आंबा खोक्यांना नाहीतर चितेला, हे शाळेत जायच्या आधी शिकलेली. पाण्यात राहायचं ते जुन्या सागाने.

बांधाची देखरेख करणारे आबा तिथेच होते. त्यांना भोकं दाखवली.

"रामवाडीच्या दुकानातनं पत्रा आणू, ठोकू वरनं," ते म्हणाले.

"खिळे कशात बसणार, आबा? भोकांत?"

"मग परवापर्यंत सागाची फळी कोन देतंय गो? तुझा बापूस?"

वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. "माझ्या घराला दार आहे," मी म्हणाले.

आबा हसले. मी घरी जाऊन बिजागऱ्या सोडवायला बसले, तेव्हा मागोमाग आले आणि हसायचे थांबले.

दार सासऱ्यांनी बसवलेलं, जुन्या सागाचं, दीड इंच जाड. सासूबाई उंबऱ्यात आडव्या बसल्या.

"उघड्या घरात लक्ष्मी राहते काय गो?"

"रिकाम्या कणगीत राहते?"

"कुत्री शिरतील."

"तुम्ही आहात ना काठी घेऊन."

त्या पुटपुटत उठल्या, पण उठल्या. नवरा कंपनीतून शिफ्ट संपवून आला, तर घराला गोणपाट लटकतंय. त्याला सगळं सांगितलं. "मला विचारायचंस तरी," एवढंच म्हणाला आणि दाराची दुसरी बाजू उचलायला वाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, ओहोटीला, सडकी फळी काढली. माप मीच घेतलं, वडिलांच्या करवतीने दार चार बोटं कापलं. पुरुष गुडघाभर चिखलात उभे राहून दार धरत होते आणि तोंडं चालवत होते.

"वयनी, आतनं कडी ठेवा. खाडी ठोठावून येल."

"ठोठावेल तेव्हा तू उघड. बांधाला लागून तुझंच शेत आहे."

बाकीचे हसले. अंधार पडायच्या आत दार टांगून झालं.

अमावस्येला दुपारी बाराच्या सुमारास पाणी चढलं. बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली आलं. दार धाडकन मिटलं, पण कडांमधून पाणी उडू लागलं. आबा ओरडले, "गेलं!" मी चिंध्या आणि चिखल घेऊन आतल्या बाजूने उतरले, नवरा शेजारी. आम्ही कोंबत राहिलो. तासाभरात सुकं लाकूड फुगलं, गळती थेंबांवर आली. मग पाणी उतरायला लागलं.

खालचं एक खाचर पुढच्या आठवड्यात पिवळं पडून गेलं. बाकीचं भात वाचलं.

त्या दुपारी पाणी उतरल्यावर आबा बांधावर बसले. म्हणाले, "दुसऱ्या दोन उघाड्यापन आंब्याच्याच हाईत."

"कुणी बसवल्या?"

"मीच."

पौर्णिमेच्या उधाणाला पंधरा दिवस होते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आबांना घेऊन पहिल्या एसटीने रोह्याला गेले. पाडलेल्या घरांचं लाकूड विकणाऱ्याच्या आवारात सागाची दोन दारं निवडली. आबा आंब्याच्या फळ्यांपाशी रेंगाळले, तेव्हा त्यांना दंडाला धरून पुढे नेलं.