चिंगी खोटं बोलायची

दुपारी झेंडूचा ढीग पुढ्यात ओतला की अंबूबाई आधी उजव्या कानावरचा पदर मागे सारत आणि तो कान सुनेच्या बाजूला येईल अशा बेताने गोणपाटावर बसत. डावा कान कधीचाच गेला होता. सुईत दोरा ओवून झाला की म्हणत, "हं, सुटू दे शेळी."

मखमलाबादच्या मळ्यातल्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये अंबूबाई आणि शेजारच्या साळूबाई हार ओवायच्या आणि सून मनीषा चष्मा लावून वाचायची. मनीषाच्या वाट्याचे हार त्या दोघी वाटून घेत. हात यांचे, तोंड तिचं, असं ठरूनच गेलं होतं. नवनाथ, म्हणजे मनीषाचा नवरा, फुलबाजारात माल टाकून परतताना शहरातल्या वाचनालयातून पुस्तक बदलून आणायचा.

पुस्तकं एकाच मालिकेची, 'मुद्देमालाची जबानी'. गोष्ट सांगणारी होती चिंगी नावाची शेळी. चोरीच्या खटल्यात पोलिसांनी तिला जप्त केलं होतं आणि खटला काही संपत नव्हता, म्हणून ती वर्षानुवर्षं चौकीच्या आवारात बांधलेली. तिथे येणारा प्रत्येक गुन्हा ती सांगायची, आणि सांगताना बिनदिक्कत खोटं बोलायची. पंचनाम्याचा कागद गायब झाला की, वारा फार सुटला होता. साहेबांच्या डब्यातली भाकरी कमी भरली की, कावळे माजलेत.

"खाल्ली भवानीनं!" असं म्हणून अंबूबाई इतक्या हसायच्या की सुई बोटात घुसायची.

लग्न होऊन आल्यापासून त्यांनी सकाळी फुलं तोडली आणि दुपारी ओवली. शाळा पाहिली नव्हती. गोष्टी ऐकलेल्या त्या कीर्तनात, आणि तिथे सांगणारा नेहमीच शहाणा. लबाड असून आपलीशी वाटणारी, जे बोलत नाही तेच नेमकं ऐकायला लावणारी अशी सांगणारी त्यांना उतारवयात भेटली, आणि तीही शेळी.

सातवा भाग आला तेव्हा अंबूबाईंच्या हृदयाच्या ऑपरेशनची तारीख ठरलेली होती. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मनीषाने पहिलं पान उघडून पाहिलं आणि तिथेच थबकली. या भागात चिंगी बोलतच नव्हती. बोलत होता चौकीतला म्हातारा हवालदार. कोर्टाच्या हुकमाने चिंगीचा लिलाव झाला होता. कुणी नेली, कुठे नेली, त्याला ठाऊक नव्हतं.

हे आत्यांना आत्ता कसं ऐकवायचं? दुपारी मनीषाने पुस्तक उघडं धरलं आणि मनानेच रचून वाचू लागली. "मी चिंगी. आज सकाळी मी शेपूची अख्खी जुडी खाल्ली..."

अंबूबाईंचा हात थांबला. "हे कोण बोलतंय?"

"चिंगीच की, आत्या."

"नाय. चिंगी कधी म्हणली का, मी खाल्लं म्हणून? ही तर कबूल करती."

"म्हातारी झाली असंल," साळूबाई म्हणाल्या. "खोटं बोलून बोलून दमली असंल बिचारी. तुमच्यासारखी नाय ती, अंबूबाई."

अंबूबाई हसल्या नाहीत. मनीषाकडे बघत राहिल्या. "तू बी त्या डॉक्टरवानी करायला लागली का गं? तो माझ्याशी लय गोड बोलतो, अन् खरं सांगायला नवनाथला बाहेर नेतो. मला कोणीच काय सांगंना. पुस्तकात लिवलंय ते वाच."

मनीषाने पान मागे उलटलं आणि लिहिलेलं होतं तसं वाचलं. रिकामी दावण, दोरीचा तुटका तुकडा, आणि हवालदाराचं एकसुरी बोलणं: शेळी गेली. मला काही वाटलं नाही. मी दावणीजवळची जागा झाडून घेतली. दुसऱ्या दिवशीही झाडली.

साळूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. अंबूबाई मात्र मान हलवत होत्या.

"काय वाटलं नाय म्हणतो, अन् दोनदा झाडतो. हा बी खोटारडाच हाय. चिंगीपाशीच शिकला असंल." मग झेंडूचं फूल सुईत घालता घालता, त्याच सुरात त्यांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणला?"

मनीषाने पुस्तक मांडीवर पालथं ठेवलं. "हृदय फार थकलंय म्हणाले. ऑपरेशन झेपेल याची खात्री नाही. पण नाही केलं, तर हा पावसाळाही निघायचा नाही."

साळूबाईंनी मनीषाला कोपराने ढोसलं. अंबूबाईंनी हाराची गाठ मारली, दाताने दोरा तोडला.

"बरं झालं सांगितलं. भ्या तर वाटतंयच. पण आता कशाचं वाटतंय ते तरी कळलं." सुईत नवा दोरा ओवत म्हणाल्या, "करू ऑपरेशन. वाच पुढं. शोधाया जातो का नाय तो हवालदार?"

हवालदार निघाला. ऑपरेशनच्या आदल्या दुपारपर्यंत तो लासलगावच्या बाजारात पोचला होता. कांद्याच्या ट्रॅक्टरांमधून वाट काढत, शेळी शोधतोय हे कुणालाही कळू न देता, तो शेळ्यांचेच भाव विचारत हिंडत होता. अंबूबाईंना तो आता फार आवडायला लागला होता.

सकाळी दवाखान्यात त्यांना हिरवा झगा घातला. उरलेली पानं शुद्धीवर आल्यावर ऐकायची म्हणून मनीषाने पुस्तक पिशवीत आणलं होतं. ढकलगाडी ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी आली तेव्हा तिने ते वर धरून दाखवलं. त्या दारातून अंबूबाई जिवंत परत आल्या नाहीत. आत जाताना त्यांनी पुस्तकाकडे पाहिलं, मग सुनेच्या तोंडाकडे पाहिलं आणि वैतागून म्हणाल्या, "अन् चष्मा? घरीच ठेवून आली नं? आता वाचणार कशानं?"