कुरुळीत भरदुपारी दार वाजवलं तेव्हा

चिंचवडला आम्हा नव्या आरोग्य अधिकाऱ्यांचं नेतृत्वाचं प्रशिक्षण होतं. मला वाटलं, मोठ्यानं बोलायला शिकवतील. मला ते जमत नाही. त्यात मराठी माझी मातृभाषा नाही, वाक्य आधी मनात जुळवावं लागतं. पण प्रशिक्षक बाईंनी वेगळंच काम दिलं: आपापल्या उपकेंद्राच्या गावात जा, सूचना देऊ नका, फक्त विचारा.

माझ्या उपकेंद्रातली कुरुळीची एक बाई आठव्या महिन्यात होती. मागच्या तपासणीत बीपी वाढलेलं, त्यानंतर ती फिरकलीच नव्हती. असं का, हे मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आशाताईंना घेऊन गेले.

पत्र्याच्या खोल्यांची रांग, सगळी दारं बंद. बायका बाहेर सावलीत बसून कुजबुजत होत्या. मी तिचं दार वाजवलं.

"ओ मॅडम! नाइट शिफ्टवाले झोपलेत!" सावलीतली एक बाई दबक्या आवाजात म्हणाली.

आशाताईंनी कपाळाला हात लावला. "हितं दिवसा दार वाजवत न्हाईत, मॅडम."

ती त्या बायकांमध्येच मेथी निवडत बसली होती. पाय सुजलेले. मी शेजारी बसून बीपी घेतलं. आणखी वाढलं होतं.

"तपासणीला येणं का जमत नाही?"

"गाडी ह्यांनाच येते. अन् सकाळी हे झोपलेले असतात."

"मग उठवत का नाही?"

"कंपनीत प्रेस मशीनवर काम आहे त्यांचं. रात्री डुलकी लागली तर बोटं जातील. तुम्ही उठवलं असतं का?"

"बीपीचं त्यांना माहीत आहे?"

ती मेथीच निवडत राहिली.

"काय माहीत नाही मला?" दारात तिचा नवरा उभा होता, डोळे चोळत.

आता विचारण्यात अर्थ नव्हता. "आत्ताच मोठ्या दवाखान्यात जायला हवं," मी म्हणाले. "बाळालाही धोका आहे, यांनाही."

"येडी झालीस का गं? उठवायचं ना मला!"

"अन् रात्री ड्युटीवर?"

"सुट्टी मागतो." तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

"झोपंत गाडी नको चालवू, बाबा," आशाताई म्हणाल्या. "रिक्षा बोलावते."

दवाखान्यात तिला ठेवून घेतलं. तो बाहेर बाकावर बसल्याबसल्या झोपला. खाटेवरून तिनं मला हळूच विचारलं, "मिळाली का सुट्टी त्यांना?"

मी बाहेर आले आणि त्याला उठवावं की नाही, या विचारात बाकाजवळ उभी राहिले.