साबणात उकळलेली काच

आमचे हे पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये शेडच्या टेबलावर होते. शेडचं टेबल म्हणजे काय ते मला पण लग्न होऊन सुरतेला आल्यावरच कळलं. व्यापारी पार्टी कापडाचा एवढासा तुकडा आणून देते, मला असाच रंग पाहिजे म्हणते, मग मिलमध्ये तसा रंग काढतात आणि दोन्ही तुकडे ट्यूबलाइटखाली शेजारी ठेवून बघतात, जमला का नाही जमला. ते बघायचं काम ह्यांचं. मला दोन्ही गुलाबी सारखेच दिसायचे, हे म्हणायचे एकात पिवळं जास्त पडलंय. साडीवर ब्लाउजपीस घ्यायला गेलो की हे दुकानाच्या बाहेर उन्हात जाऊन कापड बघायचे, दुकानदार हसायचा आणि मला आतून लई बरं वाटायचं, की आपल्या माणसाचा डोळा असा आहे.

आणि त्याच डोळ्याला नंबर लागला.

एका कॅम्पात तपासून साधा चष्मा मिळाला. त्याने लांबचं दिसायला लागलं, पण टेबलावर वेगळीच पंचाईत. डोक्यावर ट्यूब, पाठीमागे खिडकी, ते सगळं काचेत यायचं. हे म्हणायचे, कापडावर बघतो तर मधेच पांढरी रेघ पडते, रेघेच्या आतला रंग वेगळा दिसतो, बाहेरचा वेगळा. चष्मा काढला तर धूसर, घातला तर रेघ. अशात एक कांद्याचा रंग ह्यांनी जमला म्हणून सांगितला आणि तो जमलेला नव्हता, सगळा माल परत रंगवावा लागला. कलर मास्तर चांगला माणूस, ओरडला नाही. एवढंच म्हणाला की सोमवारपर्यंत डोळ्यांचं काय ते बघ, नाहीतर तुला जेट मशीनवर टाकतो.

जेट म्हणजे उकळत्या रंगाच्या पाण्यात कापड फिरवायचं बंद मशीन. आमच्या समोरच्याच खोलीत एक भाऊ राहायचे, जेटवरच होते, झाकण उघडताना वाफ आली आणि हात कोपरापर्यंत भाजला. त्यांची बायको त्यांना घास भरवायची ते मी रोज दारातून बघायची. माझी पोरगी तेव्हा अंगावर पीत होती. मी तिला घेऊन बसायची आणि मनात नुसतं सोमवार, सोमवार.

उधन्याच्या रस्त्यावर एक चष्म्याचं दुकान होतं, तिथे एक बेन बसायच्या. गुजराती, माझ्याहून थोड्याच मोठ्या. दुकान सासऱ्यांचं, पण गिऱ्हाईक सगळं त्याच बघायच्या, बारीक स्क्रू दातात धरून चष्मे जोडायच्या आणि पुरुष माणसाशी बोलताना मान खाली घालायच्या नाहीत. मी पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर गेले तेव्हा त्यांच्याकडेच बघत राहिले. ह्यांनी रेघेचं सांगितलं, बेन लगेच समजल्या. म्हणाल्या, काचेवर कोटिंग येतं, त्याने उजेड काचेवरून परत फिरत नाही, रेघ जाईल. आणि एक काच काढून ह्यांच्या हातात दिली.

ह्यांनी ती ट्यूबखाली तिरकी धरली आणि त्यांचा चेहराच उतरला. काचेवर हिरवी झाक होती. पोपटी म्हणू का मोरपंखी, अशी. घरी आम्ही अहिराणीतच बोलतो, तसंच हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "रंगना चष्मा घालीसन मी रंग काय देखसू?"

बेननी समजावून बघितलं, तो रंग काचेत नाही, घालणाऱ्याला दिसत नाही. पण ज्याचं पोट रंगावर आहे त्याला असं बोलून कसं पटेल. तेव्हा बेननी जे केलं ते कोणी करत नाही. खणातून एक काच काढली, नमुन्याची, कडेला टवका उडालेली, आणि म्हणाल्या घेऊन जा, मिलमध्ये तुमच्या कापडावर धरून बघा, मग सांगा. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. चष्म्याचे पैसे मात्र ह्यांनी तिथेच देऊन टाकले, काच कोणती आणि वरखाली पैसे ते नंतर ठरवू म्हणाले.

हे दुसऱ्या दिवशी मिलमधून आले. काचेतून रंग बदलत नाही, बरोबर दिसतो, असं म्हणाले. पण आज बदलत नाही, उद्या हा हिरवा सुटला आणि काचेवर पसरला तर? आता मिलमध्ये रंग पक्का आहे का ते बघायची एक रीत आहे. रंगवलेल्या तुकड्याला पांढरं फडकं शिवतात आणि साबणाच्या पाण्यात उकळतात. पांढऱ्यावर डाग आला तर रंग कच्चा. ह्यांनी पोरीच्या लंगोटातलं एक धुतलेलं फडकं घेतलं, काच त्यात गुंडाळली, दोऱ्याने बांधली आणि स्टोव्हवर पातेल्यात साबण टाकून उकळायला ठेवली. मी म्हटलं, अहो, ती दुसऱ्याची काच आहे. ते म्हणाले, कच्चा रंग मी टेबलावरून कधी पुढे जाऊ दिला नाही, डोळ्यावर कसा चढवू. मला भीती पण वाटत होती आणि असंही वाटत होतं की किती नीट करतो हा माणूस, पातेल्याकडे असं बघतोय जसा काही मास्तर समोर उभा आहे.

फडकं काढलं. पांढरं शुभ्र. ह्यांना इतका आनंद झाला. "रंग नही सुटना, देख," म्हणाले.

मग काच उलगडली. आणि तिच्यावर सगळीकडे बारीक बारीक चिरा, जशी तळ्याची माती उन्हाने तडकते तशी. आरपार काही दिसेना.

दुसरा दिवस शनिवार, ह्यांची दिवसपाळी, रविवारी दुकान बंद. म्हणजे जायचं मलाच. मला तर रस्ता ओलांडताना पण कोणाचा तरी पदर धरायला लागायचा. ह्यांनी ते कांद्याच्या रंगाचे दोन तुकडे माझ्या हातात दिले, ज्यांच्यावरून सगळं झालं होतं, आणि म्हणाले, ह्या दोघांतला फरक ज्या काचेतून दिसेल ती घे.

मी म्हटलं, मला तर डोळ्यांनी पण दिसत नाही. ते म्हणाले, दिसेल, रेघ नसली तर दिसेल.

पोरीला कडेवर घेतलं, फडक्यात काच बांधली आणि गेले. वाटभर काय बोलायचं ते पाठ करत होते, हिंदी येत नव्हती धड, गुजराती तर नाहीच. दुकानात शिरले आणि सगळं विसरले, नुसती गाठ सोडून काच त्यांच्यापुढे ठेवली. बेननी बघितली, उलटी केली, नखाने घासली. मी कसंबसं सांगितलं, साबण, उकळलं, फडकं. मला वाटलं आता हाकलतील.

बेननी काच खाली ठेवली आणि विचारलं, "पछी? रंग नीकळ्यो?"

मी मान हलवली, नाही निघाला.

मग त्या जे हसायला लागल्या, डोळ्याला पदर लावून हसल्या, आणि मी पण हसले, भीतीनेच हसले असेन. पण टर उडवणारं हसू नव्हतं ते. म्हणाल्या, इतकी वर्षं चष्मे विकते, एवढी काळजी करणारा माणूस नाही बघितला, तुझ्या घरवाल्याला सांग काच पास झाली, फक्त गरम पाणी तिला चालत नाही, बाळाचं तोंड धुतेस ना, तसं गार पाण्याने धुवायचं.

मग त्यांनी माझ्यापुढे तीन काचा मांडल्या. एक साधी, एक जांभळ्या झाकेची, एक हिरव्या. जांभळी थोडी स्वस्त, एकच थर असतो, हिरवीला जास्त थर. कोणती घे असं त्यांनी सांगितलं नाही. पोरीला माझ्याकडून घेतलं, मांडीवर बसवलं आणि मला म्हणाल्या, "तू देख. आराम से."

मला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. मी सातवीतून सुटलेली, मला भाजी पण सासू निवडून द्यायची. मी ते दोन तुकडे ट्यूबखाली ठेवले आणि साधी काच डोळ्याला धरली. ट्यूब आली, पांढरी रेघ, हे म्हणायचे तशीच. तेव्हा मला कळलं की हा माणूस इतके दिवस काय सोसत होता. जांभळी धरली, रेघ होती पण फिकट. मग हिरवी धरली. रेघ जवळजवळ नाहीच. आणि मी बघत राहिले, बघत राहिले, आणि डाव्या तुकड्यात मला थोडं पिवळं दिसलं. खरंच दिसलं. मी हिरवीवर बोट ठेवलं.

बेननी मागे मशीनवर काचा घासून फ्रेममध्ये बसवल्या, तोवर पोरगी त्यांच्या सासऱ्यांच्या टेबलाखाली खेळत होती. निघताना मी नुकसानीचं विचारलं तर त्यांनी ती चिरलेली काच खणात ठेवून दिली, म्हणाल्या ही मी गिऱ्हाइकांना दाखवीन, गरम पाण्याने काय होतं ते.

घरी ह्यांनी चष्मा फिरवून फिरवून बघितला. झाक अजून डोळ्यात सलत होती. मी म्हटलं, आपल्या गटारीवर रॉकेल सांडतं तेव्हा सगळे रंग दिसतात, पाणी ओंजळीत घेतलं तर कुठे असतात?

"गटारनं पाणी ओंजळमा कोण घेस?" ते म्हणाले. पण चष्मा घातला.

सोमवारी मी दिवसभर दारातच. निवड माझी होती, चुकली असली तर जेटवर जाणारे ते होते. जेटवरची माणसं घरी येतात तेव्हा ओळखू येतात, अंगाला वाफेचा वास आणि बोटं पाण्यात भिजून पांढरी सुरकुतलेली. समोरचे भाऊ तसेच यायचे पूर्वी. पाळी सुटली, माणसं यायला लागली, मी प्रत्येकाचे हात बघत होते.

हे आले. मी तोंडाकडे बघितलंच नाही, आधी हात धरले. बोटं कोरडी होती, आणि अंगठ्याच्या आणि बाजूच्या बोटाच्या टोकाला फिरोजी रंग लागलेला होता, तुकडा चिमटीत धरून बघताना लागतो तसा.

मग मी वर बघितलं. पोरगी चष्मा ओढायला हात पुढे करत होती, आणि काचेच्या मागे त्यांचे डोळे स्वच्छ दिसत होते.