बटण आणि हुक

"आधी आईबाप मांडा," असं म्हणत बाई माझ्या काउंटरवर बटणं मांडायच्या. गिऱ्हाईक उभं असलं तर त्यालाच सांगायच्या, "थांबा जरा, इथे लग्न लागतंय."

खडकी बाजारात माझं फॉल-पिकोचं दुकान. बाई गल्लीच्या टोकाला राहायच्या, अकरावी-बारावीच्या पोरांना जीवशास्त्र शिकवायच्या. आईबापाचं काय काय पोरात उतरतं, ती गणितं त्या बटणांवर सोडवून घ्यायच्या. बटणं माझी. परत आणायच्या, तीही धुऊन. मी शाळेत फार टिकलो नाही. मास्तर म्हणायचे, तू घरी असलास की वर्ग हुशार वाटतो. त्यामुळे मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण मान छान डोलवायचो.

आता माझं झाकलेलं सांगतो. मला लाल, हिरवा, चॉकलेटी यांतला फरक कळत नाही. धंदा काय, तर साडीला रंग जुळवायचा! बायको रोज सकाळी रिळं ओळीत लावून द्यायची, मी जागेवरून ओळखायचो. ती माहेरी गेली की मी मशीन बिघडल्याचं सांगायचो. एकदा सांगायला विसरलो आणि एका नवरीच्या हिरव्या शालूला चॉकलेटी फॉल लावला. तिची सासू म्हणाली, "वा! पानांना खोडही दिलंत. मुळं कधी लावताय?"

असंच एकदा बायको माहेरी होती आणि बाई आल्या. "लाल आणि हिरवी बटणं द्या. वेगवेगळी."

मी ऐटीत दोन मुठी ठेवल्या. बाईंनी बटणं पाहिली, मग मला पाहिलं.

"अहो, कधीपासून दिसत नाहीत रंग?"

मी विनोद करायला तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. मुलाला रेल्वेचं इंजिन चालवायचं होतं. लेखी परीक्षा पास झाला होता, आता डोळ्यांची तपासणी होती. रंग नाही ओळखले तर थेट घरी. आणि लहानपणी त्यानं चित्रातली पानं चॉकलेटी रंगवलेली. मला ती झकास हिरवी वाटली होती. बायकोनं सांगितलं तेव्हा कळलं. तेव्हापासून एकच धास्ती, की माझंच पोरात उतरलं.

"रडणं नंतर," बाई म्हणाल्या. "आधी आईबाप मांडा."

मला कळावं म्हणून त्यांनी पांढरी बटणं घेतली. आईची दोन, धडधाकट. बापाचं एक, फुटकं, आणि शेजारी ब्लाउजचा हुक.

"फुटकं बटण म्हणजे तुमचे डोळे. पोराला आईकडून एक मिळतं, बापाकडून एक. तुम्ही बटण दिलंत तर मुलगी, हुक दिलात तर मुलगा."

"मग फुटकं बटण?"

"तुमच्यापाशीच राहिलं. मुलाला ते देताच येत नाही तुम्हाला."

"म्हणजे माझं त्याच्यात काहीच गेलं नाही?"

"नाक गेलंय. त्याला इलाज नाही."

पोराला आपल्याकडून काही मिळालं नाही म्हणून खूश झालेला बाप खडकीत मी एकटाच असेन.

"हुरळू नका," बाई म्हणाल्या. "आईचं एखादं बटण फुटकं असू शकतं, दुसऱ्या धडक्यावर तिचं भागतं. ते तिच्या आईकडून आलं असेल तर भावांनाही मिळू शकतं. तिचे भाऊ काय करतात?"

"दोघंही वायरमन."

"रंगीत वायरी जोडतात?"

"जोडतात. अजून जिवंत आहेत."

"मग आशा धरायला हरकत नाही. आणि त्या पानांसाठी खडू कोणी काढून दिला होता?"

खडू मीच दिला होता.

पोरगा पास झाला. आता इंजिनावर साहाय्यक आहे.

बाई नाशिकला बहिणीकडे राहायला गेल्या. जायच्या दिवशी दुकानात आल्या आणि ते फुटकं बटण मागून घेतलं.

"चांगली देतो की डबीभर," मी म्हटलं.

"चांगली आहेत माझ्याकडे. नाशिकच्या वर्गाला बाप लागेल."

मुलाची गाडी इकडून जाणार असली की मी खडकी स्टेशनच्या टोकाला जाऊन उभा राहतो. कधी गाडी सिग्नलला थांबते. तो दिवा लाल आहे की हिरवा, मला काही कळत नाही. मग गाडी हलते. मी शेजारच्या माणसाला ऐटीत सांगतो, "हिरवा झाला."