चौकशीला पैसे पडत नाहीत

फ्रेममास्तरांना मनापासून किळस होती ती पहिल्याच दुकानात वस्तू घेणाऱ्या माणसाची. आणि नशीब बघा, अशाच बाईशी त्यांनी एकोणतीस वर्षं संसार केला. बायको शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला, काचेच्या नळ्या धुवून बोटं कायमची सुरकुतलेली. भाजीला गेली की पहिल्या गाडीपाशी थांबायची आणि भाव न विचारता पिशवी पुढे करायची. मास्तर मात्र फ्रेमच्या लाकडी पट्टीसाठी आठ वखारी पालथ्या घालणार. "चौकशीला पैसे पडत नाहीत," हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

मास्तरांचं फोटो-फ्रेमचं दुकान भाड्याचं, दहा पावलांत संपणारं, पण बावीस वर्षांचं. तिथे बसून मास्तर फ्रेमचा कोपरा असा जुळवायचे की सांध्यात नख शिरू नये. म्हातारा मालक वारला आणि त्याच्या मुलाने गाळा विकायला काढला.

"काका, पहिला हक्क तुमचा," तो म्हणाला. "तीस तारखेपर्यंत बघा. नाहीतर शेजारचा मोबाईलवाला तयारच आहे."

अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरीकडे बस्तान बसवणं मास्तरांच्या आवाक्याबाहेरचं होतं. कर्ज काढायचं ठरलं, आणि मास्तर व्याजाचा भाव काढायला निघाले.

कर्ज देणारी सगळी ऑफिसं एका माळेचे मणी. थंडगार खोली, धूळ खाणारं प्लास्टिकचं झाड, आणि दोरीला बांधलेलं पेन. जगाला कर्ज वाटणारे हे लोक, पण दीडदमडीच्या पेनापुरताही कुणावर भरवसा नाही! व्याजाचा दर विचारला की उत्तर एकच. "फाईल बघून सांगतो. इथे सही करा. सहकर्जदार म्हणून घरच्या बाईंचीही आणा."

मास्तर फॉर्म घरी न्यायचे. बायको ओले हात पदराला पुसायची आणि ते बोट ठेवतील तिथे सही करायची. कशाची, म्हणून तिने कधी विचारलं नाही. वीस दिवसांत नऊ ऑफिसं झाली. कुठे अर्धा टक्का कमी मिळेल या आशेवर मास्तर खूश होते. मग एकेक नकार यायला लागला.

नवव्या ठिकाणी दोघंही गेली. टाय लावलेल्या साहेबाने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली.

"काका, आजवर तुमचा एक हप्ता चुकलेला नाही. पण वीस दिवसांत नऊ अर्ज! प्रत्येक अर्जागणिक तुमची पत तपासली गेली, प्रत्येक तपासणीची नोंद झाली आणि तुमचा क्रेडिट स्कोअर घसरत गेला. बघणाऱ्याला वाटतं, हा माणूस पैशासाठी दारोदार फिरतोय."

"अहो, मी नुसता भाव विचारत होतो!"

"इथे अर्जच दिसतो, काका. कशासाठी केला ते दिसत नाही."

"मग हे पहिल्याच ठिकाणी कुणी सांगितलं का नाही?"

साहेब गोड हसला. "विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

त्या हसण्याची मास्तरांना अशी शिसारी आली की समोरचा पाण्याचा रिकामा कागदी कप त्यांनी मुठीत चुरगळला. नऊ जणांनी सह्या घेतल्या, नऊ जण गोड हसले, आणि एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. हलकट लेकाचे!

तेव्हा बायको पहिल्यांदा बोलली. "माझ्या एकटीच्या नावावर बघता का? पगार लहान आहे, पण नोकरी पक्की आहे. फ्रिजचे हप्तेही मी वेळेवर फेडलेत."

साहेबाने बटणं दाबली. "बाई, तुमच्याही नावावर नऊ आहेत. प्रत्येक फॉर्मवर तुमची सही होती ना? आता सहा महिने कुठेही अर्ज करू नका, स्कोअर सावरेल."

तीस तारखेला चार दिवस उरले होते. गाळा गेला, हे सांगायला कुणा साहेबाची गरज नव्हती.

रस्त्यात मास्तरांना स्वतःच्याच बोटाची किळस वाटत होती. सही कुठे करायची ते याच बोटाने दाखवलं होतं. बायकोने एकदा जरी तोंड सोडलं असतं तरी बरं वाटलं असतं. 

कोपऱ्यावर भाजीची पहिली गाडी आली. बायको थांबली. पिशवी काखेतच धरून तिने टोमॅटोचा भाव विचारला, ऐकून घेतला, आणि पुढच्या गाडीकडे निघाली.